शेंदूर, मोरचूद आणि बॅटरीचे टोक

आमच्या घरी धुण्याचे दोन ढीग असत. एक सगळ्यांचा, एक अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे वडील. सांगलीत त्यांचे बॅटरी चार्जिंगचे दुकान होते. संध्याकाळी ते घरी येत तेव्हा अंगातला सदरा धड दिसे. दुसऱ्या दिवशी आईने तो भिजवून पिळला की पोटाशी आणि बाह्यांवर मोहरीएवढी, ज्वारीच्या दाण्याएवढी भोके उघडत. आई साबणाला दोष देई. अण्णा म्हणत, "साबणाचं काही नाही गं. फाटलंय कालच. तुला कळलं आज."

अण्णांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. बॅटरीतले गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक अ‍ॅसिड, पाण्यासारखे वाळून जात नाही. थेंबातले पाणी उडते, अ‍ॅसिड मागे राहते आणि उलट अधिक तीव्र होते. सुताचा धागा आतून तुटलेला असतो, पण जागचा हललेला नसतो. धुण्याच्या पहिल्या झटक्याला तो सुटतो. अ‍ॅसिडचा हाच स्वभाव मोटारीच्या बॉनेटखाली पांढरी-हिरवी पूड होऊन दिसतो. आजचा लेख त्या पुडीबद्दल आहे. ती कोठून येते, ती थोपवण्यासाठी गेल्या दीडशे वर्षांत काय काय झाले आणि ती पुसताना आपण काय विसरतो, एवढेच मला सांगायचे आहे.

मी रसायनशास्त्राचा पदवीधर नाही. शाळा सुटल्यावर दुकानात बसणे, पुढे नोकरी आणि नोकरीतून उरलेल्या वेळात वाचनालये, जुनी तांत्रिक पुस्तके, रद्दीत सापडलेल्या दुरुस्ती-पुस्तिका, असा माझा अभ्यास झाला. पण या विषयाची पहिली परिभाषा मला पुस्तकात सापडली नाही. ती काष्ठौषधींच्या दुकानात मिळाली.

बॅटरीच्या टोकावरची पूड नीट पाहिली तर ती एका रंगाची नसते. शिशाच्या खांबाला लागून असते ती पांढरी. ते शिशाचे सल्फेट. पितळी किंवा तांब्याच्या क्लॅम्पवर फुलते ती निळसर-हिरवी. ते तांब्याचे सल्फेट, म्हणजे मोरचूद. आमच्याकडे तासगावच्या द्राक्षबागांत बोर्डो मिश्रणासाठी पोत्यांनी येतो तोच. बॅटरीखालच्या लोखंडी तसराळ्यात जे फिकट हिरवे आणि पुढे तांबूस होत जाते ते लोखंडाचे सल्फेट, म्हणजे हिराकस. पूर्वी शाई करायला वापरत ती. शिसे, तांबे आणि लोखंड या तिन्ही धातूंना एकच अ‍ॅसिड भेटले आणि तीन क्षार तयार झाले. दुकानात या सगळ्याला मिळून एकच शब्द होता, 'सल्फेट धरलंय'. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो चुकीचा नव्हता.

धातूला मुद्दाम खायला लावणे

शिसे आणि गंधकाम्ल यांची ओळख बॅटरीपेक्षा शंभर वर्षांनी जुनी आहे. १७४६ साली जॉन रोबक याने इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे शिशाचा पत्रा मढवलेल्या खोल्यांत गंधकाम्ल करायला सुरुवात केली. तोवर ते काचेच्या भांड्यांत होई. थोडे होई आणि महाग पडे. लोखंडाचे भांडे अ‍ॅसिड खाऊन टाकते. शिशावर मात्र अ‍ॅसिडचा पहिला हात फिरताच सल्फेटचा पातळ थर बसतो. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. हा थरच मग आतल्या शिशाचे रक्षण करतो. म्हणजे शिसे टिकते ते गंजत नाही म्हणून नव्हे, तर ते थोडे गंजते आणि तिथेच थांबते म्हणून.

फ्रेंच संशोधक गास्ताँ प्लाँते याने १८५९ साली हा थांबलेला गंज पुन्हा चालता केला. शिशाचे दोन लांब पत्रे, ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये विभाजक, सगळ्याची गुंडाळी करून ती सौम्य गंधकाम्लात बुडवलेली. वीज सोडली की एका पत्र्यावर शिशाचे तपकिरी डायॉक्साइड धरे आणि दुसरा शुद्ध शिशाचा राही. वीज काढून घेतली की दोन्हींवर सल्फेट होई. पुढच्या वर्षी त्याने अशा नऊ घटांची बॅटरी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवली. पण सपाट पत्र्यावर वीज फार थोडी साठे. म्हणून तो हे पत्रे पुन्हा पुन्हा भारित करी, रिकामे करी, उलट दिशेने भारित करी. दर फेरीला पत्र्याचा पृष्ठभाग थोडा अधिक कुरतडला जाई, भुसभुशीत होई आणि अधिक वीज धरी. याला 'घडवणे' म्हणत. पत्रे पुरते घडायला महिने लागत.

घडवणे म्हणजे येथे कुरतडणे. मोटारीची बॅटरी ही गंजाला बळी पडणारी वस्तू आहे असे आपण समजतो. वास्तविक ती गंजानेच चालणारी वस्तू आहे. भांड्याच्या आत जे घडावे म्हणून प्लाँतेने महिने खर्च केले तेच भांड्याच्या बाहेर घडले की आपण त्याला बिघाड म्हणतो. बॅटरीचा पुढचा सारा इतिहास म्हणजे हा गंज आतल्या आत कसा ठेवायचा याचा इतिहास आहे.

शेंदूर आला, पाठोपाठ अँटिमनी

महिनोन् महिने घडवण्याचा त्रास कामीय फोर या दुसऱ्या फ्रेंच माणसाने १८८१ साली वाचवला. त्याने शिशाच्या पत्र्यावर शिशाच्या लाल ऑक्साइडचा अ‍ॅसिडमध्ये कालवलेला लेप दिला. पत्रा कुरतडत बसण्याऐवजी कुरतडलेले शिसे आयतेच लावले. हे लाल ऑक्साइड म्हणजे आपला शेंदूर. देवळातल्या मारुतीला जो तेलात खलून चढवतात तो पारंपरिक शेंदूर हाच. त्याच वर्षी फोरचे भारित घट पेटीत घालून पॅरिसहून ग्लासगोला, विल्यम थॉमसन यांच्याकडे नेण्यात आले. तेच पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ओळखले गेले. वीज पेटीत भरून प्रवासाला नेता येते याचे त्या काळी मोठे अप्रूप झाले.

लेपाला एक अडचण होती. सपाट पत्र्यावरून तो गळून पडे. म्हणून पत्र्याच्या जागी जाळी आली आणि जाळीच्या घरांत लेप भरला जाऊ लागला. पण शिसे मऊ. नखाने ओरखडा उठावा इतके. जाळी हाताळताना वाके, वजनाने खचे. यावर त्याच १८८१ साली सेलन याने इंग्लंडमध्ये उपाय काढला, शिशात अँटिमनी मिसळण्याचा. जाळी ताठ झाली, साच्यात नीट ओतली जाऊ लागली. पुढे कितीतरी दशके बॅटरीची जाळी म्हणजे अँटिमनी घातलेलेच शिसे, असे समीकरण राहिले.

माझ्या मते अण्णांच्या सदऱ्याची भोके येथे सुरू होतात. कारण असे. पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटायला तत्त्वतः सव्वा व्होल्ट पुरतो. शिसे-अ‍ॅसिडचा एक घट मात्र दोन व्होल्टचा असतो. म्हणजे हिशेबाने यातले पाणी बसल्या जागी फुटून जायला हवे. तसे होत नाही, कारण शिशाच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे बुडबुडे धरायला फार नाखूष असतात. ही बॅटरी त्या नाखुशीवर उभी आहे. अँटिमनीने नेमकी तीच मोडली. धन जाळीतला अँटिमनी थोडा थोडा विरघळतो, द्रवातून प्रवास करून ऋण पट्टीवर जाऊन बसतो. त्याच्यावर हायड्रोजन सहज सुटतो. जाळीत एके काळी अँटिमनीचे प्रमाण शेकडा पाचाहूनही जास्त असे. बॅटरी जितकी जुनी, तितका तिचा बुडबुडा जास्त.

प्रत्येक बुडबुडा फुटताना अ‍ॅसिडचा अतिसूक्ष्म तुषार वर उडवतो. बूचाच्या भोकातून वायू बाहेर जातो, त्याच्याबरोबर हा तुषार जातो आणि झाकणावर, टोकांवर, क्लॅम्पवर, उघडून पाहणाऱ्याच्या पोटाशी जाऊन बसतो. जाळी वाकू नये म्हणून एका शतकात घेतलेला निर्णय पुढच्या शतकात टोकावरचा मोरचूद होऊन बाहेर आला.

बॅटरी बॉनेटखाली येते

सुरुवातीच्या पेट्रोल मोटारी हँडल मारून चालू होत. ठिणगी आणि दिवे यांपुरती बॅटरी काही गाड्यांत असे. चार्ल्स केटरिंग याने तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅक गाड्यांत आला आणि शिसे-अ‍ॅसिड बॅटरी पेट्रोल गाडीचा अपरिहार्य भाग झाली. त्या काळी विजेवर चालणाऱ्या मोटारीही रस्त्यावर होत्या. हँडल मारावे लागत नाही हा त्यांचा मोठा गुण. तो गुण विजेच्या मोटारीच्याच बॅटरीने पेट्रोल गाडीला देऊन टाकला.

प्रयोगशाळेतली बॅटरी मोटारीत आल्यावर तिच्या वाट्याला धक्के, धूळ, इंजिनाची उष्णता आणि अनिश्चित चार्जिंग आले. त्या वेळच्या बॅटरीचे भांडे कठीण रबराचे असे. झाकणे डांबरासारख्या पिचने बसवलेली असत. घटाघटांना जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वर उघड्या असत. अण्णांच्या दुकानात अशा बॅटऱ्या मी लहानपणी पाहिल्या आहेत. पिच उन्हाने तडके. त्या तड्यातून, आणि शिशाचा खांब झाकणातून वर येतो तिथल्या बारीक फटीतून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे अ‍ॅसिड वर चढे. डायनामोचा कटआउट-रेग्युलेटर बिघडून चार्जिंग जास्त झाले की बॅटरी अक्षरशः उकळल्यासारखी बुडबुडे. एका घटाला साधारण २.४ व्होल्ट, म्हणजे बारा व्होल्टच्या बॅटरीला १४.४ व्होल्टच्या पुढे, हे बुडबुडणे जोर धरते. म्हणून टोक पुसूनही आठवड्यात पुन्हा पूड आली तर अण्णा टोकाकडे पाहत नसत. आधी चार्जिंग मोजत.

पूड बहुधा प्लसच्या टोकावर जास्त का, हा प्रश्न मी त्यांना विचारला होता. ते म्हणाले, "प्लस देतो, म्हणून झिजतो." उत्तर थोडे किर्तनी होते, पण त्याचे रसायनही जवळपास तसेच आहे. गंधकाम्ल हवेतला ओलावा ओढून घेते. त्यामुळे झाकणावरचा तुषार कधीच पुरता वाळत नाही. दोन टोकांच्या मध्ये धूळ आणि अ‍ॅसिड यांची ओली वाट तयार होते आणि तिच्यातून अत्यल्प वीज अहोरात्र वाहते. म्हणजे बॅटरीच्या झाकणावर आणखी एक नको असलेला विद्युत-विघटनाचा संच मांडला जातो. त्यात धन टोकाचा धातू विरघळायच्या बाजूला असतो. एरवी सौम्य गंधकाम्लाला तांबे सहज दाद देत नाही. प्लसच्या क्लॅम्पवर मात्र हवा आणि वीज दोन्ही अ‍ॅसिडच्या मदतीला असतात.

या प्रश्नाने एके काळी अख्ख्या देशाच्या मोटारींची वायरिंग फिरवली होती. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे प्लस टोक गाडीच्या अंगाला जोडण्याची पद्धत रूढ झाली. वायरिंगच्या टोकांची झीज यामुळे कमी होते, हे त्यामागे सांगितले जाणारे एक कारण होते. पुढे अल्टरनेटर आणि अर्धवाहक सुटे भाग आले, बाकीचे जग मायनस अर्थिंगकडे गेले आणि १९६०च्या दशकात ब्रिटिश गाड्याही तिकडे वळल्या. आपल्याकडे जुनी ब्रिटिश गाडी कोणी हौसेने सांभाळत असेल तर त्याने पाना लावण्याआधी अर्थ कोणत्या टोकाची आहे हे पाहावे. आजच्या सवयीने हात घातला तर ठिणगी पडेल.

सोडा, ब्रश, व्हॅसलीन

दुरुस्तीची पद्धत शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही. मात्र ती का तशी आहे हे सांगणारे कमी झाले आहेत. म्हणून अण्णांचा क्रम कारणांसह लिहून ठेवतो.

पहिल्याने मायनस सोडवायचा. गाडीचे सगळे अंग मायनसला जोडलेले असते. आधी प्लस सोडवायला गेलो आणि पाना बॉडीला टेकला तर शेकडो अँपिअर त्या पान्यातून जातात. वर झाकणाजवळ हायड्रोजन असेल तर तेवढी ठिणगी बॅटरी फुटायला पुरते. मायनस आधी सुटला की पाना कुठेही टेकला तरी परिपथ पुरा होत नाही. जोडताना उलट: प्लस आधी, मायनस शेवटी.

दुसरे, बुचे घट्ट लावायची आणि मग खाण्याचा सोडा पाण्यात कालवून टोकावर घालायचा. तो फसफसतो. सोडा आणि गंधकाम्ल यांचे सोडियम सल्फेट, पाणी आणि कार्बन डायॉक्साइड होतो. फसफस थांबेपर्यंत घालत राहायचे. ती थांबली म्हणजे अ‍ॅसिड संपले. वजनाने एक भाग गंधकाम्लाला सुमारे पावणेदोन भाग सोडा लागतो, म्हणून चिमूटभराने काम होत नाही. बुचे घट्ट का, तर सोड्याचे पाणी आत गेले तर ते आतलेही अ‍ॅसिड मारते आणि तिथे ते आपल्याला हवे असते. काही जण नुसते गरम पाणी ओततात. त्याने मोरचूद विरघळून टोक स्वच्छ दिसते, पण अ‍ॅसिड मरत नाही. ते खाली तसराळ्यात उतरते आणि वर्षभराने तसराळ्याला भोक पडते. काही जण शीतपेय ओततात. ते स्वतःच आम्लधर्मी असते.

तिसरे, पुसून, कोरडे करून, तारेच्या ब्रशने खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू चमकेपर्यंत घासायची. खांब निमुळता असतो आणि प्लसचा मायनसपेक्षा थोडा जाड. क्लॅम्प हातोडीने ठोकून बसवायचा नाही. ठोकला की खांब झाकणात हलतो आणि ती वातीसारखी फट रुंदावते. केबलचे आवरण थोडे सोलून आत पाहायचे. तांब्याच्या तारा काळ्या किंवा हिरव्या निघाल्या तर अ‍ॅसिड आत चढले आहे. तेवढा भाग कापून टाकायचा किंवा केबल बदलायची. अशी केबल वरून धडधाकट दिसते आणि सदऱ्यासारखी ऐन वेळी सुटते.

शेवटी, घट्ट आवळल्यानंतर, वरून व्हॅसलीन. ही पेट्रोलियम जेली रॉबर्ट चेसब्रो या अमेरिकन माणसाने १८७२ साली पेटंट घेऊन आणली. तिच्यातून वीज वाहत नाही. म्हणून ती आधी लावून क्लॅम्प बसवणे चूक. आवळल्यानंतर बाहेरून लेपायची. तिचे काम एकच, ओलावा आणि तुषार धातूपर्यंत पोहोचू न देणे. खांबाभोवती घालायच्या वूलन फेल्टच्या चकत्यांचेही काम तेच.

घटात भरायचे ते डिस्टिल्ड पाणी, अ‍ॅसिड नव्हे. चार्जिंगमध्ये खर्च होते ते पाणी. अ‍ॅसिड सांडले नसेल तर ते आतच असते. पातळी उतरली म्हणून अ‍ॅसिड ओतणारा माणूस बॅटरीचे आयुष्य आपल्या हाताने कमी करतो. आणि पट्ट्या बुडाल्यावर थांबायचे. काठोकाठ भरले की चार्जिंगमध्ये फुगून तेच पाणी अ‍ॅसिड घेऊन वर येते.

एवढ्या खटाटोपाची गरज काय, असे वाटेल. दुकानात ट्रकवाले येत आणि म्हणत, "दिवे लख्ख लागतात, हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरी ठीक. स्टार्टरच गेला असणार." अण्णा स्टार्टरला हात लावत नसत, क्लॅम्प फिरवून बघत. हिशेब साधा आहे. समजा पुडीमुळे सांध्यावर ०.०२ ओहम इतका किरकोळ अवरोध आला. दिव्यांना ५ अँपिअर लागतात, सांध्यावर ०.१ व्होल्ट वाया जातो, डोळ्यांना कळतही नाही. स्टार्टरला १५० अँपिअर लागले तर त्याच सांध्यावर ३ व्होल्ट जातात. बारातले तीन गेले की स्टार्टर 'टक' करून थांबतो. या 'टक'मुळे चांगले स्टार्टर उघडले गेले आहेत, चांगल्या बॅटऱ्या भंगारात गेल्या आहेत. चार आण्यांच्या सोड्याचे काम होते.

कॅल्शियम आणि बंद झाकण

टोकावर उपाय करत राहण्यापेक्षा तुषारच उडू न देणे हा मूळ उपाय. त्याची वाट मोटारीच्या नव्हे, टेलिफोनच्या जगातून आली. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्या वर्षानुवर्षे भारित अवस्थेत उभ्या असतात. त्यांचे पाणी कमी खर्च व्हावे म्हणून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हेरिंग आणि थॉमस यांनी १९३५ साली अँटिमनीऐवजी थोडासा कॅल्शियम घातलेली शिशाची जाळी पुढे आणली. कॅल्शियम जाळीला ताठपणा देतो आणि हायड्रोजनची नाखुशी मोडत नाही. मोटारीच्या बॅटरीत ही जाळी यायला मात्र १९७०चे दशक उजाडले. दरम्यान जर्मनीत १९५०च्या दशकात अ‍ॅसिडची जेली करून ते न सांडणारे केले गेले, तर १९७०च्या दशकात अमेरिकेत काचतंतूंच्या गादीत अ‍ॅसिड शोषून ठेवण्याची पद्धत आली. तिच्यात ऑक्सिजन आतल्या आत पुन्हा पाण्यात परततो. कठीण रबराची भांडी आणि पिच जाऊन प्लास्टिकची एकसंध भांडी आली, घटांच्या जोडपट्ट्या झाकणाखाली गेल्या.

नव्वद वर्षांनी अँटिमनीचे देणे फिटले. आज बॉनेट उघडले की टोके वर्षानुवर्षे स्वच्छ दिसतात. पूड दिसलीच तर खांबाची सील गेलेली, अल्टरनेटर जास्त चार्ज करत असलेला किंवा क्लॅम्प ढिला, एवढेच अर्थ उरतात. अण्णांचे दुकानही याच काळात हळूहळू रिकामे झाले. उघडून पट्ट्या बदलता येतील अशी बॅटरीच राहिली नाही. 'ग्रॅव्हिटी बघा' म्हणत हायड्रोमीटर बुडवणे, १.२८ला भरलेली आणि १.१५च्या खाली रिकामी हे डोळ्यांनी वाचणे, हे एका पिढीत संपले. मला त्याचे वाईट वाटे. आता तितकेसे वाटत नाही. त्याचे कारण दुकानाच्या मागच्या बाजूला आहे.

दुकानामागची जागा

दुकानात शहाबादी फरशी होती. बॅटऱ्या जिथे ठेवल्या जात तिथे ती बशीसारखी खोल झाली होती. शहाबादी म्हणजे चुनखडक. सोड्यासारखीच तीही अ‍ॅसिडला फसफसून उत्तर देते आणि आपण झिजते. त्या खळग्यांना अण्णा 'हिशेबाची वही' म्हणत. सगळ्यात मोठा खळगा मागच्या दाराशी होता. तिथून जुने अ‍ॅसिड गटारीकडे जाई.

गटारीच्या कडेला शेजाऱ्यांचा शेवगा होता. तो एका उन्हाळ्यात वाळला. शेजारी काही बोलले नाहीत, अण्णाही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी चुन्याची दोन पोती आणली, मागे खड्डा खणला आणि तिथून पुढे अ‍ॅसिड त्या चुन्यात ओतायला सुरुवात केली. चुना फसफसे, वाफ येई, पांढरा गाळ बसे. अण्णा म्हणत, "मेलं आता ते." अ‍ॅसिड खरेच मरत होते.

पण त्या गाळात शिशाचे सल्फेट होते आणि शिसे मरत नाही. अ‍ॅसिडला सोडा आहे, चुना आहे, नुसते भरपूर पाणीही आहे. शिशाला असे काही नाही. ते मूलद्रव्य आहे. क्षार बदलतो, जागा बदलते, ते राहते. ज्या गुणामुळे रोबकच्या खोल्या टिकल्या त्याच गुणामुळे ते मातीतही टिकते. त्याच खड्ड्याशेजारी अण्णा टोके ओतायला शिसे वितळवत आणि सांडलेल्या थेंबांचे मणी मी वेचून खिशात घालून शाळेत नेई. दुपारी अण्णा तिथेच डबा उघडत. हात ते सोड्याच्या पाण्याने धूत, कारण त्यांच्या लेखी हाताला लागलेले असते ते अ‍ॅसिड. झोंबते तेवढेच धोक्याचे, असे आमचे गणित होते. शिसे झोंबत नाही. मुलांच्या शरीरात त्याची कोणतीही पातळी निर्धोक मानता येत नाही, हे आज जागतिक आरोग्य संघटना सांगते. अण्णांच्या रक्तातले शिसे कधी कोणी मोजले नाही. माझेही नाही.

आपल्याकडे बॅटऱ्यांच्या विल्हेवाटीचे नियम २००१ साली आले आणि २०२२ साली त्यांच्या जागी नवे, अधिक व्यापक नियम आले. जुनी बॅटरी परत घेण्याची आणि नोंदणीकृत पुनर्वापर कारखान्याकडे पाठवण्याची जबाबदारी त्यांनी ठरवून दिली आहे. शिसे पुन्हा पुन्हा वितळवून वापरता येते, हा या जुन्या बॅटरीचा मोठा गुण. पण तीच बॅटरी उघड्यावर फोडली, अ‍ॅसिड मातीत ओतले आणि शिसे परसातल्या भट्टीत वितळवले, तर प्लास्टिकचे बंद झाकण, कॅल्शियमची जाळी, काचतंतूंची गादी या सगळ्यांनी आत ठेवलेले एका दुपारी बाहेर येते. ग्राहक म्हणून आपल्या हातात एक गोष्ट उरते. जुन्या बॅटरीचे चार पैसे जास्त देणाऱ्या फेरीवाल्याला ती न देता, नवी घेतो तिथेच जुनी जमा करून पावती घेणे.

म्हणून अण्णांच्या क्रमाला मी आता माझ्या दोन गोष्टी जोडतो. टोकावरची पूड कोरडी खरवडायची नाही, फुंकायची तर अजिबात नाही. सोड्याच्या पाण्याने भिजवून, चिंधीने टिपून ती चिंधी पिशवीत बांधायची आणि जुन्या बॅटरीबरोबरच जमा करायची. हातमोजे घालायचे, डोळ्यांवर चष्मा लावायचा आणि नंतर हात साबणाने धुवायचे, जेवणाआधी तर नक्कीच.

दुकानाची जागा विकली तेव्हा नव्या मालकांना मी मागचा खड्डा दाखवला. ते म्हणाले, तिथे परसबाग करायचा विचार आहे. मी त्यांना सगळे सांगितले. चुना, गाळ, शिसे, शेवगा. त्यांनी ती माती तपासून घेतली आणि बाग गच्चीवर, कुंड्यांत केली. मागे त्यांनी फरशी टाकली आहे. शहाबादीच आहे.